देहाचे वावडे : वर्ध्याच्या कुष्ठसेवेच्या इतिहासातील एक प्रकरण

विदर्भातील जुन्या घरांत बिब्ब्याची ओळख करून द्यावी लागत नाही. कपड्यांवर परटाने घालावयाच्या खुणांस त्याचा काळा रस, बाळंतिणीच्या लाडवांत त्याची गोडंबी, पायात काटा मोडून राहिला तर चटका देण्यास तेच फळ. आणि भाषेतही त्याने आपली जागा करून घेतली आहे, कारण दुसऱ्याच्या सुरळीत चाललेल्या कामात विघ्न आणणाऱ्याने 'बिब्बा घातला' असेच आपण म्हणतो. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात भल्लातकास अग्नीची उपमा दिली आहे, आणि विधिपूर्वक सेवन केल्यास तेच अमृतासारखे होते असेही तेथेच सांगितले आहे. परंतु ह्या फळाविषयीची जी गोष्ट मला ग्रंथातील वर्णनाहूनही मोलाची वाटते, ती आमच्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडची होय. बिब्बा सगळ्यांस सारखा उतत नाही, असे त्या म्हणत. दोघी जावा एकाच जागी बसून बिब्बे फोडीत. एकीच्या बोटांस काळे डाग पडण्यापलीकडे फारसे काही होत नसे, आणि दुसरीचे मात्र दोन दिवसांनी तोंड सुजून डोळे मिटत. मग तिला खोबरे चारावयाचे, अंगास खोबरेल चोळावयाचे, आणि पुन्हा म्हणून बिब्ब्याच्या वाऱ्यास उभे करावयाचे नाही. "तिला त्याचे वावडे आहे," एवढ्यावर निदान संपे.

हे निदान दिसते तितके साधे नाही. बिब्ब्याचा रस जात्याच दाहक आहे, तेव्हा तो कातडीस लागला तर थोडाफार दाह कोणासही व्हावयाचा. परंतु विष असेल तर त्याने माणूस पाहून वागू नये. ज्याच्या पोटात अधिक गेले त्यास अधिक बाधा, कमी गेले त्यास कमी, हा विषाचा न्याय. येथे तर रसाचा पुसटसा स्पर्श झालेली आजारी पडते आणि कोपरापर्यंत माखलेली हिंडतफिरत असते. शिवाय आजार तत्काळ येत नाही; तो एकदोन दिवस दबा धरून बसतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांस ह्याचा चमत्कारिक प्रत्यय आला. त्यांच्या मानेवर, पाठीवर, कमरेवर खाजणारे फोड उठू लागले, आणि शोध घेता ते नेमके परटाने सदऱ्या-पाटलोणींवर घातलेल्या बिब्ब्याच्या खुणांखाली उठत आहेत असे आढळले. १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी ह्याचा वृत्तांत तिकडील वैद्यकीय नियतकालिकात छापला. ज्या परटाने दिवसभर त्या रसात बोटे बुडविली त्याचे काय, हा प्रश्न त्या वृत्तांतापेक्षाही अधिक उद्बोधक ठरला असता.

युरोपीय वैद्यकास ही वावड्याची गोष्ट नीट कळावयास विसावे शतक उजाडावे लागले, आणि कळली तीही भलत्याच वाटेने. १८९० च्या सुमारास तिकडे देहाच्या प्रतिकारशक्तीविषयी मोठा उत्साह होता. पाश्चरच्या लशी प्रसिद्ध झाल्या होत्या. बेहरिंगने घटसर्पावरील रक्तरस शोधून काढला होता. प्रतिकार म्हणजे केवळ रक्षण, अशी सर्वांची समजूत झाली होती. त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने क्षयावरील औषध म्हणून ट्यूबरक्युलिन पुढे आणले. औषध म्हणून ते फसले, आणि पुष्कळ रोग्यांस त्याने अपायच केला. परंतु त्या फसण्यात एक सूत्र दडलेले होते. निरोगी माणसास जे टोचून काहीही होत नसे, तेच तेवढेच क्षयरोग्यास टोचले की ताप भरे आणि टोचल्या जागी सूज येई. म्हणजे दोष टोचलेल्या पदार्थात नव्हता. ज्या देहास त्या रोगाची आधीच ओळख झाली होती त्या देहाच्या वागण्यात होता. दोन जावांच्या कथेहून ही कथा फारशी निराळी नाही.

पुढे १९०१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये हे मोनाकोच्या राजाच्या नौकेतून समुद्रप्रवासास गेले असता समुद्रजीवांच्या विषाचा अभ्यास त्यांनी आरंभिला, व पॅरिसला परत आल्यावर तो कुत्र्यांवर चालू ठेविला. अल्प मात्रा देऊन कुत्र्यास विषाची सवय लावावी, असा त्यांचा बेत. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली. काही आठवड्यांनी तशीच अल्प मात्रा पुन्हा देताच तो अर्ध्या तासाच्या आत मेला. रक्षण व्हावे म्हणून केलेल्या उपायाने घात झाला, म्हणून रिशेने ह्या प्रकारास रक्षणाच्या उलट अर्थाचे ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले ते ह्याच शोधासाठी.

परंतु ह्या सर्व गोष्टींचा एकत्र अर्थ लावण्याचे श्रेय मी व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फोन पिर्केला देईन. तो मुलांचा डॉक्टर. घटसर्पाच्या मुलांस घोड्याच्या रक्ताचा रस टोचला की काहींस आठदहा दिवसांनी ताप येई, गांधी उठत, सांधे दुखत; आणि त्याच मुलास पुढे पुन्हा रस टोचावा लागला तर तोच प्रकार फार लवकर होई. शिक ह्या सहकाऱ्याबरोबर त्याने १९०५ साली ह्या 'रक्तरस-रोगा'वर पुस्तक लिहिले, आणि पुढच्या वर्षी 'ॲलर्जी' हा शब्द बनविला. ग्रीक मुळांप्रमाणे त्याचा अर्थ निराळी, बदललेली वर्तणूक एवढाच आहे. परक्या पदार्थाची एकदा गाठ पडल्यावर देह पूर्वीसारखा राहत नाही. त्याचे वागणे पालटते, आणि ते पालटलेले वागणे कधी रक्षक असते, कधी घातक. दोन्हींस पिर्केचा एकच शब्द होता. त्याहूनही धाडसाचे त्याचे म्हणणे असे की, पुष्कळ रोगांत आपण ज्यास रोगाची लक्षणे म्हणतो ती शत्रूची करणी नसून पहारेकऱ्यांची धावपळ असते. लोकांनी पुढे ह्या शब्दाचा अर्थ आखडून शिंका, गांधी आणि दमा एवढ्यापुरता केला. शब्दांच्या नशिबी असे नेहमीच येते; पण ह्या आखडण्यामुळे पिर्केचा मूळ विचार सामान्य वाचकापर्यंत पोचला नाही, आणि वर्ध्याची कथा समजून घेण्यास तोच विचार हवा आहे.

पहाऱ्याच्या ह्या दोन तऱ्हा आहेत असे पुढे दिसून आले. पहिली त्वरेची. १९२१ साली क्यूस्टनर ह्या जर्मन डॉक्टरास मासळीचे वावडे होते. त्याच्या रक्तातील रस प्राउस्निट्झ ह्या सहकाऱ्याने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला, आणि काही मिनिटांत तेथे गांधी उठली. वावडे रक्तरसातून वाहून नेता येते, हे सिद्ध झाले. रक्तातील तो पदार्थ कोणता, ह्याचा उलगडा होण्यास १९६६-६७ साल यावे लागले. अमेरिकेत काम करणारे इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक ह्यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या ह्या प्रतिपिंडास आज 'आयजीई' म्हणतात. ही प्रतिपिंडे कातडीत व श्वासमार्गात पसरलेल्या 'मास्ट' पेशींवर जाऊन बसतात. ओळखीचा पदार्थ आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात, आणि सूज, खाज, घरघर ही त्याची फळे. शेंगदाण्याचे, कोळंबीचे, पेनिसिलिनचे तडकाफडकी होणारे वावडे ह्या जातीचे.

दुसरी तऱ्हा सावकाशीची. तिचा वाहक रक्तरस नव्हे. लांडस्टायनर व चेस ह्यांनी १९४२ साली गिनीपिगांवर दाखवून दिले की, ह्या जातीचे वावडे एका प्राण्यातून दुसऱ्यात नेण्यास जिवंत पेशीच न्याव्या लागतात. ह्या पेशी त्या आज ज्यांस टी-पेशी म्हणतात त्या. बिब्बा ह्या वर्गातला. त्यातील तेलकट द्रव्य एकट्याने इतके लहान असते की देहाचा पहारा त्यास एरवी ओळखणारही नाही. पण ते कातडीतील प्रथिनांस चिकटते आणि त्या ओळखीच्या प्रथिनांचे रूप परके करून टाकते. कातडीतील टेहळ्या पेशी हे परके रूप उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तेथे त्याची खूण पटलेल्या टी-पेशींची फौज एकदोन आठवड्यांत तयार होते, आणि ती वर्षानुवर्षे विसरत नाही. पुढच्या वेळी तेच द्रव्य लागले की ही फौज त्या जागी जमावयास एकदोन दिवस लागतात, आणि जमल्यावर ती ज्या कातडीचे रक्षण करावयाचे तीच कातडी जाळते. काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याचा चीक हे बिब्ब्याचेच कुलबंधू असल्यामुळे एकाचे वावडे असलेल्यास दुसऱ्याचेही निघते. गाजरगवताचेही असेच. पुण्यात त्याची नोंद १९५६ साली झाली, आणि ते अमेरिकन गव्हाबरोबर आले असे जो तो सांगतो. पण त्या गव्हाचा करारही १९५६ च्या ऑगस्टातलाच आहे, तेव्हा ही लोककथा तारखा ताडून पाहूनच स्वीकारावी. गवत मात्र आज वर्धा-हिंगणघाटच्या बांधाबांधावर आहे, आणि ते उपटणाऱ्यांपैकी काहींच्या मानेची व हातांची कातडी जाड होऊन भेगाळते, ती ह्याच टी-पेशींच्या कृपेने.

आता वर्ध्याकडे वळू. १९३६ साली विनोबांच्या सहवासातील मनोहर दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांची सेवा आरंभिली. सेवाग्रामच्या आश्रमात १९३९ साली परचुरेशास्त्री आले. संस्कृताचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगातील सोबती, आणि अंगभर रोग. त्यांच्यासाठी गांधीजींनी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधविली व त्यांच्या अंगास स्वतःच्या हातांनी मालिश केली. हे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. ह्याच जिल्ह्यातील हिंगणघाटात १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्यास आनंदवन उभारिले. कलकत्त्यास ह्या रोगाचे शिक्षण घेत असता त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या देहात ह्या रोगाचे जंतू टोचून घेतले, हे प्रसिद्ध आहे. कारण हे जंतू प्रयोगशाळेतील कोणत्याही भांड्यात वाढत नसत. आमट्यांच्या देहातही ते वाढले नाहीत. ह्या प्रसंगातील धैर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्यातील शास्त्रीय भागाकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसांच्या देहाचा पहारा ह्या जंतूस गाजावाजा न करता परतवितो, आणि त्यांस त्याची वार्ताही नसते.

उरलेल्यांचे काय होते, ह्याचे उत्तर जपानी डॉक्टर मित्सुदा ह्यांच्या चाचणीत आहे. रोग्याच्या गाठींतील जंतू उकळून मारून त्यांचा अर्क त्यांनी कातडीत टोचला, आणि तीनचार आठवडे वाट पाहिली. १९१९ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष वरवर पाहता उफराटा वाटावा असा आहे. ज्यांच्या अंगी जंतू मोजके आणि चट्टे दोनचारच, त्यांच्या हातावर गाठ उठली. ज्यांच्या अंगी जंतूंची रेलचेल, त्यांच्या हातावर काहीच उठले नाही. दुसऱ्या प्रकारात पहारा झोपलेला असतो, म्हणून जंतू निर्वेध वाढतात. पहिल्या प्रकारात तो जागा असतो. परंतु हा जंतू लपून राहतो मज्जातंतूंत, आणि तेथे चाललेल्या झटापटीत जंतूंबरोबर मज्जाही चिरडली जाते. कोपराजवळची मज्जा गेली की बोटे नख्यांसारखी वळतात; चेहऱ्याची गेली की डोळा मिटत नाही; गुडघ्याजवळची गेली की पाऊल लोंबते. मग बधिर हाताला चूल भाजते, बधिर पायाला खडा लागतो, जखम चिघळते आणि बोटे झडतात. ज्या रूपामुळे ह्या माणसांस गावाबाहेर घालविले, ते रूप बव्हंशी जंतूने दिलेले नव्हते. देहाच्या पहाऱ्याने आणि मागाहून झालेल्या जखमांनी दिलेले होते. 'अंग सडते' हा शेकडो वर्षांचा समज येथेच खोटा पडतो.

स्वातंत्र्यानंतर गांधी स्मारक निधीच्या साह्याने १९५१ साली वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे धुरीण डॉ. वर्देकर ह्यांचा विचार त्या काळी नवा होता. रोग्यांस वसाहतीत कोंडण्यापेक्षा गावोगाव घरोघर जाऊन तपासणी करावी, लोकांस रोगाचे खरे स्वरूप समजावून द्यावे, आणि रोग्यास त्याच्या घरीच औषध द्यावे. पाहणी, शिक्षण व उपचार ही त्रयी वर्ध्याच्या खेड्यांत आकारास आली आणि पुढे देशभर गेली. औषध होते डॅप्सोन. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे फॅजेट ह्यांनी सल्फोन वर्गातील औषध प्रथम कुष्ठरोग्यांस दिले, आणि काही वर्षांत त्याच वर्गातील ही स्वस्त गोळी जगभर पोचली. जंतू मरू लागले. येथे खरे म्हणजे कथा आनंदाने संपावी.

ती संपली नाही, कारण पहारा उरला होता. उपचार चालू असता कित्येकांचे फिकट चट्टे एकाएकी लाल होऊन सुजत, मज्जा दोरीसारख्या ताठून ठणकत, आणि काल सरळ असलेली बोटे आठवड्यात वाकत. इतरांस ताप भरे आणि अंगभर दुखऱ्या लाल गाठी उठत. पहिला प्रकार टी-पेशींचा, बिब्ब्याच्या जातीचा; दुसऱ्यात मेलेल्या जंतूंचे अवशेष व त्यांविरुद्धची प्रतिपिंडे ह्यांची गाठोडी ऊतकांत अडकून जळजळ करितात, पिर्केच्या रक्तरस-रोगाच्या जातीची. दोहोंस मिळून कुष्ठ-प्रतिक्रिया म्हणतात. खेड्यातील रोग्याच्या बाजूने पाहा. गोळी सुरू करण्यापूर्वी त्याला एक न दुखणारा डाग होता. गोळी घेतल्यावर हात गेला. त्याने गोळी फेकून दिली तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढील पुरावा तसाच होता. बरे, डॉक्टरांसही तसेच वाटे. प्रतिक्रिया आली की ते मात्रा कमी करीत किंवा थांबवीत.

ह्यात आणखी एक बिब्बा पडला होता. खुद्द डॅप्सोनचेही वावडे काहींस असते. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या ग्रंथी आणि कावीळ, असा हा प्रकार. नायजेरियात लो व स्मिथ ह्यांनी १९४९ साली त्याचे वर्णन केले, आणि त्यात माणसे दगावतात. ह्या वावड्याचा संबंध जन्मजात असलेल्या एका विशिष्ट जनुकीय खुणेशी आहे, हे २०१३ साली चीनमधील रोग्यांच्या अभ्यासातून सिद्ध झाले. म्हणजे खेड्यात सायकलवरून गोळ्या घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यापुढे दोन तापकरी आहेत. एकाची गोळी आजच्या आज थांबविली नाही तर तो मरेल. दुसऱ्याची थांबविली तर त्याचा रोग वाढेल. दोघांसही ताप आणणारा तोच पहारा. ह्या निवडीचा भार किती होता, ह्याची कल्पना आपण शहरात बसून करू शकत नाही.

डॅप्सोनने प्रतिक्रिया येते, म्हणून डॅप्सोन बेताने द्यावे, हे मत १९६० नंतर बळावले, आणि अत्यल्प मात्रांचा पुरस्कार होऊ लागला. माझ्या मते ह्या रोगाच्या आधुनिक इतिहासातील ही सर्वांत महाग पडलेली चूक होय. अर्धपोटी औषधाने जंतू मरत नाहीत, शिकतात. १९६४ साली मलायात डॅप्सोनला न जुमानणारे जंतू उंदराच्या पंजात वाढवून दाखविण्यात आले, आणि तसे रोगी पुढे देशोदेशी सापडू लागले. औषधाच्या परिणामाचा आणि पहाऱ्याच्या धावपळीचा भेद वेळीच उमगला असता तर ही वेळ इतक्या लवकर आली नसती. अर्थात अनियमित गोळ्या आणि एकाच औषधावरील भिस्त ही कारणेही होतीच. सगळा दोष भीतीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

उलट दिशेचा एक शोध अपघाताने लागला. जेरुसलेम येथील शेस्किन ह्यांनी दुखऱ्या गाठींनी तळमळणाऱ्या रोग्यास झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिले. गर्भातील अर्भकांस व्यंगे येतात म्हणून १९६१ साली जगाने टाकून दिलेले हे औषध. त्याने झोप तर आलीच, पण दोनतीन दिवसांत गाठीही विरल्या. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जंतूस त्याने केसाइतकाही धक्का लागत नाही. ते केवळ पहाऱ्याचा आवेश कमी करते. मज्जांच्या सुजेवर हेच काम प्रेडनिसोलोन करते. जंतूंवर एक औषध आणि पहाऱ्यावर दुसरे, आणि दोन्ही एकाच वेळी, ही समज येथून रूढ झाली.

१९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफांपिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन ह्यांचा एकत्र उपचार सुचविला, आणि भारतात तो ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यांत वर्धा होता. पाव शतकापूर्वी घरोघर फिरून केलेल्या नोंदी येथे तयार होत्या, हे त्याचे एक कारण असावे. ह्या त्रयीतील क्लोफाझिमिन जंतूही मारते आणि गाठींचा दाहही शमविते. सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतले की उपचार पुरा होऊन रोग्याचे नाव नोंदवहीतून उतरते. परंतु मेलेल्या जंतूंचे अवशेष मज्जांत वर्षानुवर्षे पडून असतात, आणि पहारेकऱ्यांस जिवंत-मृताचा भेद कळत नाही. म्हणून नाव उतरल्यानंतर दोन वर्षांनीही एखाद्या सकाळी कोपर ठणकू लागते, करंगळी सैल पडते. अशा माणसास कार्यकर्ता पुढ्यात बसवितो, कोपराच्या आतील अंगाची मज्जा बोटांनी चाचपतो, करंगळी बाजूस नेण्यास सांगून तिचा जोर पाहतो, आणि डोळे मिटावयास लावून पेनाच्या टोकाने तळहाताच्या कोणत्या जागी स्पर्श कळतो ते कागदावर मांडतो. बधिरता सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोनच्या उतरत्या मात्रांनी, काही महिन्यांत, बोटे पुष्कळदा पुन्हा सरळ होतात.